ॲलर्जी, स्टिरॉइड आणि फोनमध्ये ठेवलेलं जुनं प्रिस्क्रिप्शन

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, पुढचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं मात्र वाचाच. तुम्ही ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट यातली कुठलीही स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बरेच आठवडे घेत असाल, तर हे वाचून घाबरून आज रात्रीपासून ती एकदम बंद करू नका. डॉक्टरकडे जा, सगळं खरं सांगा आणि ती कमी कशी करायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. ते का, ते खाली येईलच, पण स्टिरॉइडवर लिहिलेलं वाचून लोक नेमकं हेच करतात, गोळ्या फेकून देतात, आणि मग खरा त्रास सुरू होतो.

मला स्वतःला धुळीची ॲलर्जी आहे, लहानपणापासून. सकाळी उठल्यावर एकामागून एक शिंका, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल, टाळूला आतून खाज येतेय आणि ती खाजवता येत नाही, हे सगळं मला माहीत आहे. ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांचे हाल तर त्याहून वाईट, रात्र रात्र झोप नाही. त्यामुळे "थोडं सहन करा" असं मी कुणालाही म्हणणार नाही. ज्याला आराम हवाय त्याला आराम मिळायलाच हवा. माझं म्हणणं फक्त त्या एका गोळीबद्दल आहे जी मागच्या वेळी डॉक्टरांनी पाच दिवस दिली होती, जिच्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम मोकळं वाटलं होतं, आणि जिचं नाव तेव्हापासून फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय. पुढच्या वेळी त्रास झाला की तोच फोटो दाखवून तीच गोळी. मग बहिणीला तसाच त्रास झाला की तिला फॉरवर्ड. डॉक्टरांनी ते प्रिस्क्रिप्शन एका माणसासाठी, एका वेळेच्या त्रासासाठी, त्या वेळचं बीपी शुगर बघून लिहिलेलं असतं, हे सगळं त्या फोटोत येत नाही ना.

ही गोळी इतकी पटकन का लागू पडते ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर ॲड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवतात. सकाळी जास्त, रात्री कमी. बीपी टिकवणं, रक्तातली साखर सांभाळणं, आजारपणात किंवा अपघातात शरीराला तगवून धरणं ही त्याची कामं, आणि सूज आटोक्यात ठेवणं हे पण. स्टिरॉइडची गोळी म्हणजे याच हार्मोनची माणसाने बनवलेली, बऱ्याचदा कितीतरी जास्त ताकदीची भावंडं. ती पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणारी जीन्स बंद करते, आणि हे फक्त नाकात होत नाही, हाडात, डोळ्यात, स्नायूत, मेंदूत, सगळीकडे होतं. आपल्याला नाकापुरती हवी असते पण गोळीला ते कळत नाही.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडून गेलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालायला लागली. लोकांना तो चमत्कारच वाटला. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पण तोपर्यंतच डॉक्टरांना दुसरी बाजूही दिसायला लागली होती, चेहरे सुजणं, मन अस्थिर होणं, औषध थांबवलं की आजार परत जोरात येणं. म्हणजे हे काही कुणी हल्लीच शोधून काढलेलं नाहीये. पहिला आनंद आणि पहिली काळजी जवळपास एकाच वेळी आलेली आहे, आणि म्हणूनच हे औषध आजही डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे.

आता डोसचं बघा, कारण इथे फार गैरसमज आहे. "अहो अगदी छोटी गोळी आहे, अर्ध्या मिलिग्रॅमची" असं लोक म्हणतात. शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास बसतं. आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट, आणि फक्त पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. बीटामेथासोनचं पण साधारण तेवढंच. म्हणजे डेक्सामेथासोनची ४ मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर ती प्रेडनिसोलोनच्या २५ मिलिग्रॅमच्याही वर गेली, शरीराच्या रोजच्या गरजेच्या पाचपट! वर डेक्सामेथासोनचा परिणाम दीड ते दोन दिवस टिकतो, त्यामुळे रोज घेतली की शरीराला मधे उसंतच मिळत नाही. गोळीचा आकार आणि मिलिग्रॅमचा आकडा बघून ताकद ठरवू नका, प्लीज.

आणि कित्येकांना तर आपण स्टिरॉइड घेतोय हेच माहीत नसतं. ॲलर्जीसाठी मिळणाऱ्या काही गोळ्या आणि सिरपमध्ये डेक्सक्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं साधं औषध आणि बीटामेथासोन हे स्टिरॉइड दोन्ही एकत्र असतात. घरात तिला "सर्दीची गोळी" नाहीतर "खाजेची गोळी" म्हणतात. एका गोळीत बीटामेथासोन पाव मिलिग्रॅम, म्हणून कुणाला काही वाटत नाही, पण दिवसाला दोन तीन अशा महिनोन् महिने घेतल्या की हिशेब कुठे जातो ते वरच्या आकड्यांवरून तुम्हीच करा.

माझ्या एका काकूंचं हेच झालं. गांधी उठायच्या म्हणून कुणीतरी सुचवलेली अशी जोडगोळी त्या घ्यायच्या, आधी लागेल तेव्हा, मग रोज, मग सकाळ संध्याकाळ. गोळी घेतली की अंग शांत, त्यामुळे डॉक्टरकडे जायची गरजच वाटली नाही. हळूहळू चेहरा गोल झाला, गाल भरले, सगळे म्हणायचे तब्येत छान सुधारली. दंडावर नुसतं दाबलं तरी काळे निळे डाग पडायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, झोप उडाली होती, ते सगळं वयावर ढकललं गेलं. मग कधीतरी त्यांनी वाचलं की यात स्टिरॉइड आहे आणि त्याच दिवशी गोळी बंद केली. काही दिवसांनी मळमळ, उलट्या, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधार, बीपी अगदी खाली. हॉस्पिटलमध्ये विचारलं कुठली औषधं चालू आहेत, तर त्या म्हणाल्या काहीच नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मते ॲलर्जीची गोळी हे "औषध चालू असणं" नव्हतंच. एका नर्सने पिशवीतली रिकामी स्ट्रिप बघितली म्हणून पुढचं लवकर कळलं.

झालं काय होतं, तर बाहेरून रोज स्टिरॉइड येतंय म्हटल्यावर मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी ॲड्रिनलला "कॉर्टिसोल बनव" हा निरोप पाठवणं कमी करते, मग थांबवते. निरोप नाही म्हटल्यावर ॲड्रिनल आक्रसतात, त्यांची सवय जाते. आणि गोळी अचानक बंद केली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. त्यात ताप, उलट्या जुलाब, अपघात किंवा ऑपरेशन यातलं काही आलं तर शरीराला नेमकं तेव्हाच जास्त कॉर्टिसोल लागतं आणि ते मिळत नाही. याला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात, वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. साधारण तीन आठवड्यांच्या वर स्टिरॉइड चालू असेल तर ते टप्प्याटप्प्याने कमी करतात ते याचसाठी, आणि पाच पाच दिवसांचे कोर्स वर्षात पुन्हा पुन्हा घेतले असतील तरी हा विचार करावा लागतो. ग्रंथी पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात, कधीकधी वर्षाच्या वर. काकू आता ठीक आहेत, पण त्यांची गोळी कमी करता करता बराच काळ गेला. मला यातून पटलेली गोष्ट हीच की या औषधाची सुरुवात कुणीही करून देऊ शकतो, त्याच्यातून बाहेर काढायला मात्र माहितगार माणूस लागतो, आणि स्वतःच्या मनाने घेणाऱ्याकडे तोच नसतो.

साईड इफेक्टची यादी बहुतेकांनी ऐकलेली असते, शुगर वाढणं, बीपी वाढणं, वजन, हाडं ठिसूळ होणं. पण लोकांना वाटतं हे वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना होतं, आपण तर कधीतरीच घेतो. तर हाडांचं नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने होतं. शुगर तर काही तासांत वर जाते, ज्याला डायबेटिस आहे किंवा काठावर आहे त्याला एका कोर्समध्येही त्रास होऊ शकतो. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या १५ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासून. तीन वर्षांत साधारण दर पाचातल्या एकाला ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं तोंडी स्टिरॉइड दिलं गेलं होतं, आणि ते देण्याच्या नेहमीच्या कारणांत ॲलर्जी होतीच. औषध सुरू केल्यावरच्या पहिल्या महिन्यात सेप्सिसचं, म्हणजे रक्तात इन्फेक्शन पसरण्याचं प्रमाण सुमारे पाचपट, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचं तिप्पट आणि हाड मोडण्याचं जवळजवळ दुप्पट दिसलं, आणि प्रेडनिसोलोनच्या हिशेबाने दिवसाला २० मिलिग्रॅमहून कमी डोस घेणाऱ्यांतही धोका वाढलेला होताच. एकेका माणसापुरता बघितला तर हा धोका लहान आहे, हे पण सांगायला हवं, उगाच घाबरवायचं नाहीये. डॉक्टर हा धोका फायद्याच्या समोर ठेवून तोलतात, तुमचा जुना टीबी, अल्सर, काचबिंदू, डिप्रेशन, चालू असलेल्या पेनकिलर विचारतात. आपण फोटो दाखवून घेतो तेव्हा हे कुणीच विचारत नाही.

पेनकिलरवरून आठवलं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि स्टिरॉइड एकत्र झाले की पोटात अल्सर होऊन रक्तस्त्राव व्हायचा धोका बराच वाढतो. आणि इट्राकोनाझोल हे फंगल इन्फेक्शनचं औषध घेत असाल तर ते काही स्टिरॉइड शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही, म्हणजे घेतलेला डोस होता त्याहून मोठा होऊन बसतो.

मला सगळ्यात भीती वाटते ती इन्फेक्शन झाकलं जाण्याची. स्टिरॉइडने ताप उतरतो, सूज उतरते, माणसाला बरं वाटतं आणि आत जंतू वाढत राहतात. आपण ज्याला ॲलर्जीचा खोकला समजतोय तो टीबीचा असेल तर? छातीत झोपून राहिलेला जुना टीबी स्टिरॉइडने जागा होऊ शकतो. कांजिण्या झालेल्या नसतील आणि स्टिरॉइड चालू असताना त्या झाल्या तर साधा वाटणारा आजार जीवघेणा होऊ शकतो. त्वचेचंही तेच. खाज येते म्हणून ॲलर्जी समजून क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनचं मलम लावलं, खाज थांबली, लाली गेली, पण मुळात तो नायटा असेल तर तो पसरत जातो आणि त्याचा आकार असा बदलतो की त्वचेच्या डॉक्टरांनाही पहिल्या नजरेत ओळखता येत नाही. चेहऱ्यावर ही मलमं लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की आग आग होते म्हणून माणूस परत तेच लावतो.

डोळ्यांबद्दल तर हात जोडून सांगते. डोळ्यांच्या ॲलर्जीत डेक्सामेथासोनचे किंवा प्रेडनिसोलोनचे ड्रॉप टाकले की खाज लगेच जाते, म्हणून बाटली उशाशी ठेवली जाते आणि लहान मुलांच्या डोळ्यांत महिनोन् महिने पडत राहते. साधारण तीनातल्या एका माणसात अशा ड्रॉपने डोळ्यातलं प्रेशर थोडंफार वाढतं, आणि शंभरातल्या चार पाच जणांत ते खूप वाढतं. प्रेशर वाढलेलं कळत नाही, दुखत नाही, काचबिंदू होऊन बाजूची नजर हळूहळू जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू होतो तो वेगळाच, त्याचं ऑपरेशन तरी करता येतं. मुलाला डोळ्याचे ड्रॉप चालू असतील तर बाटलीवरचं नाव वाचा आणि मधे मधे प्रेशर तपासून घ्या, हे टाळू नका.

सीझन सुरू झाला की "एक इंजेक्शन मारून घ्यायचं, मग दोन महिने बघायला नको" हाही प्रकार आहे. ट्रायामसिनोलोनसारखं डेपो इंजेक्शन स्नायूत साठून आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात येत राहतं. गोळीने त्रास झाला तर निदान डॉक्टर डोस बदलू शकतात, हे एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. ॲड्रिनल दबलेल्या राहतात, टोचलेल्या जागी खड्डा पडू शकतो, आणि स्टिरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका असतो तो इथेही आहेच. नाकाच्या ॲलर्जीसाठी ही इंजेक्शनं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असंच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

एक प्रसंग असा आहे जिथे स्टिरॉइडच्या भरवशावर राहून जीव जाऊ शकतो. काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर अंगभर गांधी, ओठ जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वास लागणं, चक्कर, उलट्या असं झपाट्याने सुरू झालं तर ते ॲनाफायलॅक्सिस असतं. त्याला पहिलं औषध ॲड्रिनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. स्टिरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात कारण ते जीन्सच्या पातळीवर काम करतं, आणि इथे हातात मिनिटं असतात. घरातली गोळी देऊन "बघू कमी होतंय का" म्हणत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा, माणसाला आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा पण उभं करून चालवू नका.

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणी इनहेलर सोडला तर मला फार वाईट वाटेल. दम्याच्या इनहेलरमधलं स्टिरॉइड आणि ॲलर्जीच्या नाकाच्या स्प्रेमधलं स्टिरॉइड थेट जिथे हवं तिथेच जातं, डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे ठरलेल्या डोसमध्ये घेतला तर रक्तात अगदी नगण्य उतरतो. नाक चोंदण्यासाठी आज जे उपाय आहेत त्यात हा सगळ्यात चांगल्यांपैकी आहे, तरी लोक गोळी बिनधास्त घेतात आणि स्प्रेला घाबरतात! स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक दोन आठवडे लागतात, रोज घ्यावा लागतो. मान थोडी पुढे झुकवायची, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजवीत, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात न ओढता हलका श्वास. जोरात ओढलं तर सगळं घशात जातं आणि मग आपण म्हणतो स्प्रेने काही होत नाही. फक्त ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे जे नाक लगेच मोकळं करणारे ड्रॉप असतात ते वेगळे, ते स्टिरॉइड नाहीत पण तीन ते पाच दिवसांच्या वर टाकले की नाक उलट जास्त चोंदायला लागतं.

शिंका आणि खाजेसाठी सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन अशी औषधं आहेत, यात स्टिरॉइड अजिबात नाही. गांधी रोज उठत असतील तर याच औषधांचा डोस डॉक्टर वाढवू शकतात, त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, महाग आहेत पण आहेत. आणि ॲलर्जी कशाची ते तपासून त्याच गोष्टीचा बारीक डोस देत शरीराला सवय लावायची, ही इम्युनोथेरपी तर लिओनार्ड नून या इंग्रज डॉक्टरांनी १९११ मध्येच गवताच्या परागांवर करून दाखवली होती. तीन ते पाच वर्षं चालते, रिॲक्शनचा धोका असतो म्हणून देखरेखीखाली घ्यावी लागते, पण आजाराच्या मुळावर काम करते.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, मलमं, ड्रॉप, सिरप, "हर्बल" म्हणून आणलेल्या पुड्या सुद्धा, सगळं एका पिशवीत घालून घेऊन जा. काही हर्बल औषधांत लेबलवर न लिहिता स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे एखाद्या पुडीने दोन दिवसांत जुनी खाज गायब झाली असेल तर ती पुडी तर नक्की दाखवा. गेल्या वर्षभरात कधी कधी आणि किती दिवस घेतलं ते आठवेल तसं कागदावर लिहा, ओरडा बसेल म्हणून कमी करून सांगू नका. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर तिथेही सांगा, मुलाला लस द्यायची असेल तर तिथेही, कारण जास्त डोसचं स्टिरॉइड चालू असताना गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात. आणि डॉक्टरांनी गोळी कमी करायचा तक्ता लिहून दिला की तो फ्रीजवर लावा, मधे बरं वाटलं म्हणून एखादा टप्पा गाळू नका, आणि कमी करताना खूप थकवा, चक्कर, उलट्या झाल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.